खळ काढलेले कापड आणि ऑक्टोबरचे ऊन : पूर्व भागातील रविवारच्या चित्र-छायाचित्र कार्यशाळेविषयी

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत, एका शाळेच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत दर रविवारी सकाळी चित्रकलेची आणि छायाचित्रणाची कार्यशाळा भरते. दारावर पाटी नाही; जिन्याजवळच्या फळ्यावर त्या दिवसाचा विषय आणि वेळ खडूने लिहिलेली असते, आणि आसपासची माणसे तिला नुसते ‘रविवारचा वर्ग’ म्हणतात. एक तुकडी आठ रविवार चालते. पावसाळा संपल्यावर सुरू झालेल्या तुकडीत मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बसलो. मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेला, होटगी रस्त्याच्या बाजूला राहणारा माणूस आहे. याच शहरात जन्म काढूनही पूर्व भागात कामापुरताच येत राहिलो होतो. त्यामुळे या वर्गाविषयी लिहिताना छायाचित्रणाचे जे शिकलो ते लिहिणे भाग आहेच, पण तिथे कोणाच्या शेजारी बसून शिकलो हेही लिहिले पाहिजे.

शुल्क आठ रविवारांचे मिळून तीनशे रुपये आहे. ज्यांना ते देणे शक्य नाही त्यांनी देऊ नये, असे पहिल्याच दिवशी सांगितले जाते. आणि कोणी दिले, कोणी दिले नाही हे कोणालाच कळू नये म्हणून प्रत्येकाला एक पाकीट दिले जाते. ते बंद करून कोपऱ्यातल्या पेटीत टाकायचे असते आणि रिकामे पाकीटही चालते. कागद, रंग, ब्रश आणि रसायने वर्गातूनच मिळतात. कॅमेरा आणण्याची अट नाही. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी तो आणावा, ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी आयोजकांनी चार जुने मोबाइल दुरुस्त करून ठेवले आहेत. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो, कारण याआधी शहरातीलच एका खासगी संस्थेच्या दोन दिवसांच्या वर्गाला मी याच्या कितीतरी पट पैसे भरून गेलो होतो. तिथे मोठा कॅमेरा असलेल्यांना पुढच्या रांगेत बसवले, मोबाइल घेऊन आलेल्या आम्हा सात-आठ जणांना मागे बसवले, आणि दोन दिवसांत आमच्या एकाही चित्राकडे कोणी पाहिले नाही. त्या वर्गात शिकवलेले चुकीचे नव्हते. आमच्यासाठी मात्र नव्हते.

आमच्या तुकडीत बावीस जण होते. त्यांत यंत्रमागावर काम करणारे तिघे, घरी विड्या वळणाऱ्या पाच बायका, शिवणकाम करणारी एक भाभी, एक रिक्षाचालक, दोन महाविद्यालयीन मुली, एक बालरोगतज्ज्ञ, बहिणीबरोबर येणारा एक कर्णबधिर मुलगा, आणि जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागाच्या भोकांच्या पट्ट्या पंच करण्यात उभी हयात घालवलेले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे आप्पा म्हणत. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात झाला हे आपण अभिमानाने सांगतो, पण चित्रकला शिकायची तर पुण्या-मुंबईला गेले पाहिजे ही समजूतही आपल्याकडे पक्की आहे. बाकीच्यांची चित्रकला शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांपाशी थांबते, आणि ज्यांची शाळाच सातवीत सुटली त्यांच्या वाट्याला तेवढीही येत नाही. या बावीस जणांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी शाळा सोडल्यानंतर हातात ब्रश धरलेला नव्हता.

पहिल्या रविवारी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर ‘उजेड’ आणि ‘सावली’ असे दोन शब्द लिहिले आणि प्रत्येकाने आपल्या घरातला शब्द सांगावा असे म्हटले. तेलुगू बोलणाऱ्या अक्कांनी ‘वेलुगु’ आणि ‘नीड’ सांगितले, कानडी घरातल्या आप्पांनी ‘बेळकु’ आणि ‘नेरळु’, भाभींनी ‘रोशनी’ आणि ‘साया’. हे आठही शब्द आठव्या रविवारपर्यंत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तसेच राहिले आणि शिकवताना बाई चारही जोड्या वापरत राहिल्या. ऐकताना हे किरकोळ वाटेल. पण सोलापुरात बाजार चार भाषांत चालतो आणि कुठलाही अभ्यासक्रम मात्र एकाच भाषेत, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या फळ्याची किंमत कळेल. तिसऱ्या रविवारपासून अक्का न विचारता बोलू लागल्या, ते या शब्दांमुळेच असे माझे मत आहे.

त्याच दिवशी दुसऱ्या खोलीच्या सगळ्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करून एका कागदाला बोराच्या बीएवढे भोक पाडले होते. दार लावल्यावर मिनिटभर काहीच दिसले नाही. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या भिंतीवर बाहेरची गल्ली उलटी उमटली. आभाळ खाली, रस्ता वर, आणि वरच्या रस्त्यावरून एक रिक्षा उलटी जात होती. समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवर चादर टाकत होती, ती चादर छताकडून जमिनीकडे न पडता जमिनीकडून छताकडे झेपावताना दिसली. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून वरचा किरण भोकातून खाली उतरतो आणि खालचा वर जातो, एवढेच त्यामागचे कारण आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने अशाच छिद्रातून पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता, हे बाईंनी सांगितले. भोक मोठे केले तर चित्र उजळ पण पुसट होते आणि लहान केले तर रेखीव पण अंधुक, हे त्यांनी आम्हाला करून पाहायला लावले. कॅमेऱ्याच्या भिंगामागचा हिशेब मी अनेकदा वाचला होता; तो समजला त्या खोलीत.

दुसऱ्या रविवारी ‘निगेटिव्ह’ म्हणजे काय हे शिकवायचे होते. मोबाइलच्या पिढीतल्या दोन मुलींनी फिल्म कधी पाहिलेली नव्हती, आणि बाई शब्दांत समजावत होत्या ते पोहोचत नव्हते. तेव्हा आप्पा उठले, बाकावर अंथरलेली सोलापुरी चादर त्यांनी उचलली आणि उलटी केली. एका बाजूला गडद जमिनीवर पांढरे फूल होते, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर गडद फूल. जॅकार्डच्या चादरीत दोन रंगांचे धागे एकमेकांची जागा घेतात, जो वर येतो तो या बाजूला दिसतो आणि जो खाली जातो तो त्या बाजूला, म्हणून दोन्हीकडे तेच चित्र उलट्या रंगात येते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर सोलापूरच्या घराघरात आहे, मी जन्मभर ती पांघरली आहे, आणि तिची दुसरी बाजू ही पहिल्या बाजूची निगेटिव्ह आहे हे मला साठीनंतर कळले. पुढे आप्पांनी एक जुना ग्राफ कागद दाखवला. चादरीचे फूल आधी त्या कागदावर एकेक चौकोन भरून काढायचे आणि मग चौकोन पाहून पट्टीला भोके पाडायची, हे त्यांचे काम. चौकोन जितके बारीक तितकी पाकळीची कड गुळगुळीत. मुलींपैकी एक म्हणाली, “आप्पा, हे तर पिक्सेल झाले.” मोबाइलवरचे चित्र ज्या बारीक चौकोनी ठिपक्यांनी बनते त्यांना पिक्सेल म्हणतात; आप्पांना तो शब्द माहीत नव्हता, तिला ग्राफ माहीत नव्हता, पुढचा अर्धा तास त्या दोघांनीच वर्ग घेतला आणि बाई शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होत्या.

या कार्यशाळेचे खरे सामर्थ्य मला इथे दिसले. ‘सर्वांसाठी खुली’ असे लिहिलेले फलक शहरात पुष्कळ लागतात. दार उघडे ठेवले की काम झाले, अशी त्यामागची समजूत असते. दारातून आत आलेल्या माणसाकडे वर्गाला हवे असलेले काही आहे, असे धरून वर्गाची मांडणी करणे ही वेगळी आणि कष्टाची गोष्ट आहे, आणि ती इथे दर रविवारी केली जाते.

तिसरा आणि चौथा रविवार निळ्या छापांचा होता, आणि यासाठी तरी ज्याला जमेल त्याने या वर्गाला जावे असे मी सांगेन. सायनोटाइप ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली; इमारतीच्या नकाशाला आपण ब्लूप्रिंट म्हणतो तो शब्द तिच्यातूनच आला. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन क्षारांची वेगवेगळी द्रावणे करून ती सारख्या प्रमाणात मिसळायची, मंद उजेडात कागदावर किंवा सुती कापडावर ब्रशने लावायची आणि अंधारात वाळवायची. वाळलेले कापड पिवळट हिरवे दिसते. त्यावर पान, लेस, किल्ली, कापलेला कागद असे काहीही ठेवून उन्हात न्यायचे. उघड्या भागाचा रंग उन्हाने पालटत राखाडी होतो, झाकलेला भाग तसाच राहतो. मग साध्या पाण्यात खळबळले की ऊन न लागलेले रसायन पिवळे होऊन वाहून जाते आणि उघड्या भागात गडद निळा रंग पक्का बसतो. याला अंधारखोली लागत नाही, वीज लागत नाही. ऊन लागते, आणि सोलापूरला ते कोणाकडे मागावे लागत नाही. ऑक्टोबरच्या साडेअकराच्या उन्हात आमचे कापड आठ-नऊ मिनिटांत तयार होत होते.

तिसऱ्या रविवारी मात्र ते तयार झाले नाही. बाईंनी दुकानातून कोरे पांढरे कापड आणले होते, त्याचे तुकडे सगळ्यांना वाटले, आणि आम्ही लावलेले रसायन कापडात मुरेना. ते वरच्या वर थेंबांत जमत होते, वाळल्यावर डाग-डाग दिसले आणि पाण्यात बुडवताच निळ्याचा बराच भाग धुऊन गेला. कागदावरचे छाप चांगले आले, कापडावरचे एकूण एक फसले. बाई गोंधळल्या, द्रावणाचे प्रमाण चुकले असावे असे त्यांना वाटले आणि त्यांनी वजने पुन्हा तपासली. तेव्हा यंत्रमागावर काम करणाऱ्या अण्णांनी कापडाचा तुकडा हातात घेतला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळला, कानाशी नेऊन त्याची करकर ऐकली आणि म्हणाले, “बाई, खळ आहे ना याला. पाणीच पीत नाही हे.”

मागावर ताणा चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ, म्हणजे पिठाची चिकट पेज, लावतात, कारण आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या येण्याजाण्यात आणि फणीच्या घासण्यात कोरडा धागा तुटतो. ती खळ विणून झालेल्या कापडात राहते आणि कोऱ्या कापडाला कडकपणा देते. रसायन तंतूत शिरण्याऐवजी त्या थरावर बसत होते. अण्णांनी घरी नेऊन कापड रात्रभर भिजवले, धुण्याचा सोडा घालून उकळले, आणि पुढच्या रविवारी येताना सोबत एक सूचनाही आणली की सोड्याचा अंश राहता कामा नये म्हणून त्यांनी सात पाणी दिले आहे. ही सूचना त्यांनी रंगाऱ्याच्या अनुभवातून दिली होती. निळ्या छापाला सोड्यासारखा अल्कली पदार्थ मारक असतो, सोड्याच्या पाण्यात तो फिका पडत जातो, हे बाईंनी त्यांच्या बाजूने सांगितले. एकाला रसायन माहीत होते, दुसऱ्याला कापड. चौथ्या रविवारी त्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पडताच नाहीसा झाला, आणि त्या दिवसाचे छाप मी आजवर पाहिलेल्या हातच्या कामांत सर्वांत सुंदर होते.

त्यातला एक छाप मला सविस्तर सांगायचा आहे. विड्या वळणाऱ्या अक्कांनी घरून तेंदूची पाने आणली होती. तेंदूचे पान जाड असल्याने त्याच्या शिरा छापात उमटत नाहीत, नुसता आकार उमटतो, म्हणून बाईंनी त्यांना पातळ पान घेण्याचा सल्ला दिला. अक्कांनी तो ऐकून घेतला, पिशवीतून आपली रोजची कात्री काढली आणि पानातून आकार कापायला सुरुवात केली. पेन्सिलीने रेघ आखली नाही. पान फिरत होते आणि कात्री जागच्या जागी होती. दोन मिनिटांत मोर झाला, त्याच्या पिसाऱ्याच्या प्रत्येक पिसात एक डोळा कोरलेला. पत्र्याच्या मापावर पान ठेवून दिवसाला शेकडो आयत कापणाऱ्या हाताला कात्री किती वळवायची हे ठाऊक असते, असे त्या म्हणाल्या, आणि ही कात्री आयताशिवाय दुसरे काही कापण्यासाठी आपण पहिल्यांदाच उचलली, असेही म्हणाल्या. उन्हातून काढून पाण्यात घातल्यावर निळ्या आभाळात तो मोर पांढरा शुभ्र निघाला. कात्रीच्या टोकाचा एकही चुकार खाच त्यात नव्हता.

रसायनांविषयी काळजी घेतली जाते हे इथे नोंदवतो. प्रत्येकाला हातमोजे होते, मुलांना द्रावणाच्या बाटल्यांपाशी जाऊ दिले जात नव्हते, आणि फेरिसायनाइडजवळ आम्ल किंवा विस्तव आणायचा नाही हे दर वेळी सांगितले जात होते. हातमोजे सगळे एकाच मोठ्या मापाचे होते, बायकांच्या हातांतून ते निसटत होते. दोन मापे ठेवणे अवघड नाही.

पाचव्या रविवारी प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो आणायचा होता. गिरणीच्या काळातले गणवेशातले फोटो आले, लग्नातले आले, आणि एका काकांनी शिधापत्रिका आणली, कारण त्यांच्या आईचा दुसरा फोटोच नव्हता. जुन्या फोटोची मोबाइलने नीट प्रत कशी घ्यायची हे त्या दिवशी शिकवले: काच काढावी, फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या सौम्य उजेडात फोटो सपाट ठेवावा आणि मोबाइल त्याला अगदी समांतर धरावा. शिधापत्रिकेवरच्या शिक्क्याखालचा तो चेहरा प्रतीमध्ये मोठा झाला तेव्हा काका काही वेळ काहीच बोलले नाहीत.

सहावा रविवार माणसांचे फोटो काढण्याचा होता, आणि त्यातला पहिला तास कॅमेऱ्याला हात न लावता गेला. कोणाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचे, काढल्यावर दाखवायचा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसायचा, आणि तो कुठे लावणार हे सांगायचे, या चार गोष्टींवर सविस्तर बोलणे झाले. १९९० च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांतील बायकांच्या हाती कॅमेरे देऊन ‘फोटोव्हॉइस’ नावाची पद्धत घडवली. तिच्यात काढलेल्या फोटोइतकेच त्या फोटोवर बसून केलेल्या बोलण्याला महत्त्व असते. इथल्या बाई त्याच वाटेने जातात. फोटो भिंतीवर दाखवल्यावर ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ म्हणायचे नाही. आधी काय दिसते ते सांगायचे, मग फोटो काढणाऱ्याला बोलू द्यायचे. तंत्राचा भागही पक्का होता. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा मोबाइलमध्ये काळा का येतो, आणि पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की तो का उजळतो, हे कर्णबधिर मुलाने हाताच्या खुणांनी आम्हाला समजावले. त्याच्या बहिणीने काही शब्द पुरवले, पण त्यांची फारशी गरज लागली नाही.

सातव्या रविवारी पहाटे आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठी आणि तिथून भुईकोट किल्ल्यात गेलो. पाण्याने वेढलेल्या मंदिराचा फोटो मोबाइलवर फिका पडू नये म्हणून उजेड हाताने कमी करायला शिकलो, आणि किल्ल्याच्या दुहेरी तटाच्या दगडी पोतावर तिरपे ऊन कसे काम करते ते पाहिले. हा दिवस छान होता, पण असा दिवस कुठल्याही छायाचित्र मंडळात मिळू शकतो.

आयोजनातली एक गोष्ट मात्र अन्यत्र मिळणार नाही. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ज्या वेळी येते त्या वेळी घरातली बाई घर सोडू शकत नाही. नावनोंदणीच्या कागदावर शिक्षणाचा रकाना नव्हता. तुमच्या गल्लीत पाणी कोणत्या वेळी येते, हा प्रश्न होता. दोन रविवारी वर्ग दहाऐवजी दुपारी भरला तो त्यामुळे. बायका वर्ग अर्ध्यावर सोडतात, अशी तक्रार करणाऱ्या इतर ठिकाणच्या आयोजकांनी हा कागद पाहावा.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत त्या सांगितल्या पाहिजेत. वर्ग वरच्या मजल्यावर आहे आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे. आमच्या तुकडीत नाव नोंदवलेले एक गृहस्थ कुबड्या वापरतात. ते पहिल्या दिवशी जिन्याखालूनच परत गेले. आयोजकांना ते दुपारी कळले आणि त्यांना मनापासून वाईट वाटले, पण पुढेही वर्ग वरच भरत राहिला. तळमजल्यावरची खोली मिळवण्यासाठी जी काही विनवणी करावी लागेल ती केली पाहिजे. तोवर हा वर्ग सर्वांसाठी आहे असे म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. आठव्या रविवारी प्रदर्शन झाले, आणि कोणते फोटो मोठे करून लावायचे हे आयोजकांनी ठरवले. अक्कांचे दोन फोटो घेतले गेले. एकात विडी वळणारे त्यांच्या शेजारणीचे हात होते, जवळून घेतलेले, नखांत तंबाखू. तो प्रवेशदाराशी मोठा करून लावला. दुसऱ्यात त्यांच्या घरातली नवी स्टीलची मांडणी होती, सकाळच्या उन्हात चकाकणारी, प्रत्येक फळीवर ताटे उतरत्या क्रमाने. तो पोस्टकार्डाएवढा कोपऱ्यात होता. मी त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला भांड्यांचा मोठा हवा होता. हात तर मी रोज बघते.” मांडणीचा फोटो कमी प्रतीचा नव्हता, उलट धातूवरचा उजेड पांढराफटक होऊ न देता टिपणे हे हातांच्या फोटोपेक्षा अवघड काम होते आणि ते त्यांनी साधले होते. पण बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना विडी कामगार बाईकडून कष्टाचा फोटो अपेक्षित असतो, आणि निवड करणाऱ्यांनी नकळत तीच अपेक्षा पुरवली. सात आठवडे ज्या वर्गाने प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी पाहायला शिकवले, त्याने आठव्या आठवड्यात पाहुण्यांचे डोळे वापरले, याचे मला फार वाईट वाटले. मी हे बाईंशी बोललो. त्यांनी वाद घातला नाही, आणि पुढच्या तुकडीपासून प्रत्येकाचा मोठा फोटो त्याने स्वतः निवडावा हे मान्य केले. फोटोंखालच्या ओळी फक्त मराठीत होत्या, हेही त्याच वेळी बोललो. फळ्यावर चार भाषांत सुरू झालेला वर्ग भिंतीवर एका भाषेत संपू नये.

एक व्यवहाराची सूचनाही आहे. सगळ्यांचे फोटो आयोजकांच्या संगणकावर साठवले जातात, आणि पुढे ते कुठे वापरले जातील याविषयी लेखी काही घेतले जात नाही. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण इतरांची परवानगी घ्यायला शिकवणाऱ्या वर्गाने शिकणाऱ्यांचीही ती एका साध्या, त्यांच्या भाषेतल्या कागदावर घ्यावी.

हे सगळे धरूनही मी हा वर्ग सुचवतो, आणि आग्रहाने सुचवतो. ज्यांना कॅमेऱ्याचे तंत्र वेगाने आणि भरपूर शिकायचे आहे, लग्नाच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत, त्यांना इथली गती संथ वाटेल. त्यांनी दुसरीकडे जावे. ज्यांना वाटते की आपल्या हाताला चित्र येत नाही, त्यांनी इथे यावे. मुलाला घेऊन यायचे असेल तर दहा वर्षांपुढचे असावे, कारण वर्ग अडीच तास चालतो आणि मध्ये फक्त एकदा चहा होतो.

पुढची तुकडी गड्ड्याची यात्रा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, उरकल्यावर सुरू होईल असे सांगितले आहे. सुती कापड वर्गात मिळते, पण घरचे न्यायचे असेल तर जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या चादरीचा किंवा धोतराचा पांढरा तुकडा सर्वांत चांगला. नवे घेतले तर रात्रभर भिजवून, उकळून, सोड्याचा अंश जाईपर्यंत पाणी बदलत राहावे. दुकानदाराने धुतलेले आहे असे सांगितले तरी वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मण्यासारखा वर बसून राहिला तर खळ अजून आहे.